रिकामे, म्हणजे भरलेले

थंड खोलीबाहेरचं टेबल,
दिनांक २, दुपारची सुट्टी

तीर्थस्वरूप मामांना,

दोन्ही हात साबणाने धुऊन, पुसून आणि मग जोडून नमस्कार. (इथं हात धुतल्याशिवाय कशालाच हात लावायचा नाही असा नियम आहे, तो मी नमस्कारालाही लावला.) तुमची प्रकृती कशी आहे? गुडघा, डोळे, झोप आणि शिडीवर चढणं, या चारही गोष्टींबद्दल वेगवेगळं कळवावं, ‘ठीक’ असं एकत्र लिहू नये. मामीची पाठ कशी आहे? माझी प्रकृती चांगली आहे. वजन एक किलोने उतरलं, पण ते आजाराने नाही, काळजीने उतरलं आणि त्या काळजीची हकिकत सांगण्यासाठीच हे पत्र लिहीत आहे. तुमचं कार्ड पोचलं. मी पाट्यांचं काम सोडून इकडे आलो त्याला आठ महिने झाले, त्यात तुमच्याकडून आलेलं हे पहिलंच. दोनच ओळी आहेत, पण मी त्या पुष्कळ वेळा वाचल्या. (का, ते शेवटी लिहितो.)

तुम्ही ओळखीच्यांत सांगता, की भाचा पाट्या रंगवायचं सोडून फ्रीज पुसायला गेला. हे अर्धं बरोबर आहे. मी फ्रीज पुसतो, पण तो फ्रीज आपल्या दुकानाएवढा आहे आणि त्याचं दार उघडून आत चालत जावं लागतं. आत चार अंश तापमान ठेवायचं असतं. तीनवर गेलं तरी चालतं, शून्याच्या खाली गेलं तर माल वाया आणि आठवर गेलं तर मी वाया. दर दोन तासांनी वहीत आकडा लिहायचा, वेळ लिहायची, सही करायची. आठ महिन्यांत एकही रकाना कोरा नाही. (एकदा माझा ४ जरा ५ सारखा दिसत होता, त्याचा खुलासा मी खाडाखोड न करता समासात लिहून ठेवला आहे.) बाहेर ऊन रणरणत असतं तेव्हा मी स्वेटर घालून कामाला येतो, त्यामुळे बसमध्ये माझ्या शेजारची जागा बहुधा मोकळी राहते. मामी म्हणाली, मामा पाट्या रंगवतात आणि तू तिकडे पाट्या टाकतोस. तिला सांगा, की ही वही बघितली तर ती असं म्हणणार नाही.

आता त्या खोलीत काय ठेवलेलं असतं ते सांगतो, कारण ते कळल्याशिवाय माझा गुन्हा कळणार नाही. आपल्या रक्तात चरबीचे अगदी बारीक कण हिंडत असतात. त्यांना लायपोप्रोटीन म्हणतात. हा शब्द मी तीन दिवस घोटला, तरी लिहिताना दर वेळी ‘पो’पाशी हात अडखळायचा. शेवटी बाईंनी मराठी शब्द दिला, मेदप्रथिन. (थि ऱ्हस्व.) बाई म्हणजे या प्रयोगशाळेच्या मुख्य. आवाज कधी चढवत नाहीत, त्यामुळे त्या रागावल्या आहेत की विचार करत आहेत हे कळायला मार्ग नाही, आणि माझा निम्मा दिवस त्यातच जातो.

आजीला कॅन्सरचं औषध देत होते तेव्हाचं तुम्हाला आठवत असेलच, तुमचीच आई. ते औषध केसांत गेलं, तोंडात गेलं, पोटात गेलं, नखांत गेलं, आणि जिथं जायचं तिथं किती पोचलं ते कुणालाच सांगता आलं नाही. मी हे एकदा बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, औषध वाईट नव्हतं, त्याला पत्ता नव्हता. मेदप्रथिनाच्या अंगावर मात्र पाटी असते. (मामा, हे मी तुमच्या खुशीसाठी लिहीत नाही. बाईंनी खरोखर ‘पाटी’ हाच शब्द वापरला, मी दोनदा विचारून खात्री केली.) हा कण हिंडत हिंडत पेशीच्या दाराशी गेला, की पेशी ती पाटी वाचते, घरचाच माणूस म्हणून दार उघडते आणि त्याला सामानासकट आत घेते. सामान म्हणजे कोलेस्टेरॉल. ते पेशीला भिंती बांधायला लागतं. कॅन्सरच्या पेशीचं विनापरवाना वाढीव बांधकाम सारखं चालू असतं, तिला भिंतींचं सामान कधी पुरत नाही, म्हणून अशा बऱ्याच पेशी चारी बाजूंनी जास्तीची दारं काढून ठेवतात. बाईंचं म्हणणं असं, की दारं काढलीच आहेत तर आम्ही त्याच सामानात औषध लपवून पाठवतो. हे औषध पाण्यात विरघळत नाही, चरबीत विरघळतं, कणाच्या पोटात चुपचाप बसून राहतं. शरीरही फारशी हरकत घेत नाही, कारण कण त्याच्याच घरचा. (यकृतालाही हे सामान फार आवडतं आणि तेही भरपूर ओढून घेतं, ही मोठी अडचण आहे. शिवाय हे सगळं अजून बशांमध्ये वाढवलेल्या पेशींवर चाललं आहे, माणसाला इथं कुणी काही दिलेलं नाही. बाई कुणाला खोटी आशा लावत नाहीत, म्हणून मीही लावत नाही.)

हे कण मिळवायचे कसे, तर माणसाच्या रक्तातला पिवळा भाग मिठाच्या पाण्यात मिसळून एका यंत्रात घालतात. ते यंत्र दिवसभर इतकं गरगर फिरतं, की चरबीचे हलके कण वर येऊन तरंगतात आणि नळीत छान पिवळा-नारिंगी थर धरतो. त्या यंत्राला सगळे भोवरा म्हणतात आणि ते चालवणाऱ्या गृहस्थांना भोवरेकाका. त्यांचं खरं आडनाव आता फक्त त्यांच्या ओळखपत्राला ठाऊक आहे. काढलेल्या कणांपैकी निम्म्यांत औषध भरतात. उरलेल्या निम्म्यांत काही भरत नाहीत, ते तुलनेसाठी तसेच ठेवतात, म्हणजे पेशी मेल्या तर त्या औषधाने मेल्या की नुसत्या कणाने, हे कळावं. मामा, हे शेवटचं वाक्य मला आज ठाऊक आहे. ज्या सोमवारी मी ते करून बसलो त्या सोमवारी ठाऊक नव्हतं.

पूर्वी कुप्यांवर इंग्रजी लघुरूपं असायची. मी नववीत शाळा सोडलेला, ती सगळी मला सारखीच दिसायची. म्हणून बाईंनी माझ्या सोयीसाठी (हे विशेष, माझ्याच सोयीसाठी) प्रत्येक कुपीवर एक मराठी शब्द आणि एक आकडा असं लेबल लावायला सांगितलं. त्या सोमवारी मी फळ्या पुसत होतो. एका चौकटीत चोवीस कुप्या होत्या, त्यांवर लिहिलं होतं ‘भरलेले’. शेजारच्या चौकटीत चोवीस कुप्या, त्यांवर लिहिलं होतं ‘रिकामे’. मी एक रिकामी म्हटलेली कुपी दिव्यासमोर धरली. गळ्यापर्यंत भरलेली. दुसरी धरली, तीही भरलेली. चोवीसच्या चोवीस धरून बघितल्या. एकही रिकामी नव्हती. आता तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? (उत्तर मला आता ठाऊक आहे, तरी तुम्ही सांगा.) बरं, चूक तेवढीच नव्हती. कुपी हा शब्द स्त्रीलिंगी. एक कुपी असेल तर रिकामी किंवा भरलेली. मग ‘रिकामे’ कोण आणि ‘भरलेले’ कोण? लिहिणाऱ्याला लिंगाचं भान नाही, असा मी निष्कर्ष काढला.

त्या वेळी मला तुमची आठवण झाली. दूधवाल्याच्या पाटीवर ‘शुद्ध दुध’ असं होतं आणि तुम्ही त्याला न विचारता शिडी लावून दु दीर्घ करून आलात. तो उलट खूश झाला आणि म्हणाला, आता गिऱ्हाइकाला दूध जास्त मिळाल्यासारखं वाटतं. तेव्हापासून माझ्या मनात बसलं, की चूक दिसली तर दुरुस्त करायला परवानगी लागत नाही. तुमच्या हाताखाली पहिली दोन वर्षं मी फक्त वेलांट्या काढल्या, अक्षर तुमचं आणि वेलांटी माझी, आणि म्हणून तुम्ही माझं नाव वेलांटी ठेवलंत. तर मामा, मी घरून बारीक ब्रश आणला आणि अठ्ठेचाळीस नव्या लेबलांवर ‘भरलेली’ हा शब्द लिहिला. अठ्ठेचाळीस दीर्घ वेलांट्या, एकीलाही थरथर नाही. दोन्ही चौकटींत एक ते चोवीस असे तेच ते आकडे होते. एका नंबरच्या दोन दोन कुप्या बघून मला कसंसंच झालं. एकाच मालाला दोन चौकटी कशाला, म्हणून मी सगळ्या एकत्र केल्या, आतल्या पिवळेपणाच्या छटेप्रमाणे फिकट ते गडद लावल्या आणि एक ते अठ्ठेचाळीस नवे आकडे दिले. फार देखणं दिसत होतं. जुनी लेबलं सोलून त्यांची गोळी केली आणि लाल डब्यात टाकली. लाल डब्यातला कचरा त्याच दिवशी जाळतात. मग वहीत नोंद केली, ‘व्याकरणाच्या ४८ आणि वस्तुस्थितीच्या २४, एकूण ७२ चुका दुरुस्त केल्या’, वेळ, सही. तापमान ४.

ही नोंद कुणीच वाचली नाही. माझ्या नोंदी बिनचूक असतात म्हणून आठ महिन्यांत कुणी ती वही उघडलेलीच नाही, हे मला मागाहून कळलं. त्याचं मला वाईट वाटलं, पण ते दुःख सांगण्याची ही वेळ नव्हे.

बाई त्या आठवड्यात परगावी गेल्या होत्या. बशांतल्या पेशींवर औषध घालून बघण्याचं काम ताईंकडे होतं. ताई म्हणजे बाईंच्या हाताखाली संशोधन करणाऱ्या, नव्याच आल्या आहेत, माझ्याहून तीनचार वर्षांनी मोठ्या. त्या थंड खोलीत आल्या आणि त्यांनी विचारलं, “रिकामे कुठे आहेत?” मी छाती पुढे काढून सांगितलं, “ताई, एकही रिकामी नाही, सगळ्या भरलेल्या आहेत. मी स्वतः बघितल्या.” त्या “अरे वा” म्हणाल्या. त्यांना वाटलं, बाईंनी या खेपेला सगळ्यांतच औषध भरलं आणि रिकामे कण मागाहून बनवायचे आहेत. मला वाटलं, त्यांना माझी टापटीप आवडली. त्यांनी अठ्ठेचाळीस बशा मांडल्या, एकेका बशीत एकेक अख्खी कुपी घातली. तीन दिवसांनी बघितलं तर चोवीस बशांतल्या पेशी मेल्या होत्या आणि चोवीस बशांतल्या खुशाल वाढत होत्या. कशालाच क्रम नाही. सहा मेली, सात जिवंत, आठ जिवंत, नऊ मेली. एकच औषध, एकच कण, एकाच नळीतल्या पेशी. ताईंनी डबा उघडला आणि न खाता परत बंद केला.

बाई आल्या. सगळ्या लेबलांवर ‘भरलेली’ बघून त्यांना वाटलं, आपल्यामागे ताईंनीच उरलेल्या निम्म्यांतही औषध भरलं, आणि त्यांनीही ते विचारून घेतलं नाही. त्यांनी एक दिवस नुसतं बघितलं. मग संशयाची पाळी एकेकावर आली. आधी भोवऱ्यावर. भोवरेकाका म्हणाले, “माझं यंत्र अकरा वर्षं फिरतंय, त्याला चक्कर आली नाही, तुम्हालाच येतेय.” आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. मग औषधावर. मग थंड खोलीवर. मी वही पुढे केली. बाईंनी तापमानाचा रकाना वरपासून खालपर्यंत बघितला, चार, चार, चार, चार, आणि म्हणाल्या, “हा एक माणूस तरी शंकेपलीकडचा आहे.” मामा, तापमानाच्या रकान्याशेजारी शेऱ्याचा रकाना असतो. त्यांचं बोट त्यापासून दोन बोटांवर होतं. मी स्वतःच त्यांना म्हणालो, की शेरा पण बघा ना, मी तिथं सुवाच्य अक्षरात लिहितो. त्या म्हणाल्या, नको, विश्वास आहे.

या महिन्याच्या २६ तारखेला, या कामाला पैसे देणाऱ्या समितीचे लोक येणार आहेत. कण आपल्या पोटातलं औषध खरोखर आत पोचवतो एवढं त्यांना दाखवायचं आहे. दाखवता आलं नाही तर हे काम बंद, थंड खोली दुसऱ्या कुणाला तरी दुसऱ्या कशासाठी तरी देणार. त्यात मीही आलोच, पण मी एकटा असतो तर एवढं लांबलचक लिहिलं नसतं. बाई सहा वर्षं या कणांच्या मागे आहेत.

समितीसाठी भिंतीवर लावायला एक मोठा तक्ता हवा होता. बाई म्हणाल्या, वेलांटीचं अक्षर चांगलं आहे, त्यालाच लिहू दे. (हो, इथंही तेच नाव पडलं. मी पहिल्याच दिवशी दारावरच्या ‘सुचना’मधला सु दीर्घ केला, तेव्हापासून.) त्यांनी कागदावर मजकूर दिला. डाव्या बाजूला ‘भरलेले कण’. मी लिहिलं. उजव्या बाजूला ‘रिकामे कण’. मी ‘रिकामे’ लिहिलं, क लिहिला, ण लिहिला, आणि ब्रश हातात तसाच राहिला. ‘रिकामे’ कोण, ते समोर लिहिलेलं होतं. कण. पुल्लिंगी, अनेकवचन. व्याकरण पहिल्यापासून शुद्ध होतं, मामा. ‘रिकामे’ कुपीला म्हटलेलं नव्हतंच. ण वरून रंगाचा एक ओघळ खाली आला. तुमच्याकडे असतो तर पाठीत धपाटा बसला असता.

मी घरी गेलो नाही, पळूनही गेलो नाही. (दाराजवळ दोनदा जाऊन आलो, पण ते तापमान बघायला.) मी अर्ज लिहिला. ‘विषय : माझ्या हातून झालेल्या चुकीबाबत.’ सोमवारी काय केलं ते सगळं अनुक्रमे लिहिलं, दोन पानं झाली, आणि बाईंच्या टेबलावर ठेवून समोर उभा राहिलो. बाईंनी पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत वाचलं. परत पहिलं पान काढून परत वाचलं. मग म्हणाल्या, “शुद्धलेखनाची एकही चूक नाही.” मी म्हणालो, “नाही बाई.” त्या म्हणाल्या, “अरे, तुला एवढं व्याकरण कळतं, लिंग कळतं, वचन कळतं. मग रिकामे कोण, एवढं मला विचारायचं होतंस की.” खरं सांगतो, त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. बाजूला ताई बसल्या होत्या, त्या एकदम हसायला लागल्या आणि हसता हसता रडायला लागल्या, का ते त्यांनाही सांगता येईना. भोवरेकाका दारातून म्हणाले, “बघा, मी म्हणत होतो ना, यंत्र नव्हे.” आणि लगेच पुढे, “बस रे लेका, पाणी पी, पांढरा पडलायस.”

मी एक तोडगा सुचवला. म्हणालो, ज्या बशा मेल्या त्यांत भरलेले पडले असणार आणि ज्या जगल्या त्यांत रिकामे, तसं लिहून टाकू. बाई म्हणाल्या, हे म्हणजे पुस्तकाच्या शेवटचं उत्तर बघून गणित सोडवणं झालं. (मी सातवीत नेमका असाच पास झालो होतो, हे त्यांना ठाऊक नाही, तुम्ही सांगू नका.) जे सिद्ध करायचं तेच आधी धरून चालता येत नाही. कुप्या तपासल्या तर औषध सापडलं असतं, पण त्या ताईंनी तळापर्यंत वापरल्या होत्या. तेव्हा सगळं पहिल्यापासून करायचं. तरी बाई जाताना बशांपाशी थांबल्या आणि त्यांनी बोटाने मोजलं. चोवीस मेलेल्या, चोवीस जिवंत. मी मिसळल्या तेव्हाही चोवीस आणि चोवीसच होत्या. त्या म्हणाल्या, “समितीला हे सांगता यायचं नाही. पण मला कळलं ते कळलं.” आणि मामा, आठ महिन्यांत पहिल्यांदा त्या रागावलेल्या नाहीत हे मला नक्की समजलं.

मला काढून टाकलं नाही. उलट काम वाढलं आहे. बाईंच्या लक्षात आलं, की कोणती कुपी भरलेली हे आठवडाभर कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे बशा मोजताना ताईंनी कुणाची बाजू घेतली असं कुणी म्हणू शकत नाही. चांगल्या प्रयोगात असं मुद्दाम करतात म्हणे. फरक एवढाच, की तिथं कोणती कुपी कोणती याची यादी एका लिफाफ्यात बंद असते आणि माझ्याकडे लाल डबा होता. तेव्हा आता कुप्यांवर अर्थ नसलेली अक्षरं लिहायची, यादी करायची, लिफाफा बंद करायचा आणि कुणाला सांगायचं नाही, हे काम माझं. एवढं काटेकोर दुसरं कुणी करणार नाही, असं बाई म्हणाल्या. पण अर्थ नसलेलं लिहिताना मला किती यातना होतात ते तुम्हालाच कळेल. काल सरावाला ‘क्षट’ असं लिहिलं आणि अर्धा तास त्याच्याकडे बघवेना. थंड खोलीच्या दारावर माझ्याच अक्षरात एक पाटी लावली आहे, ‘विचारल्याशिवाय दुरुस्ती करू नये’. येणारे जाणारे विचारतात, ही कुणासाठी? मी सांगतो, सर्वांसाठी.

असो. पत्र लांबलं. माझी काळजी करू नये. मामीला नमस्कार, शिडीला तेल द्यावं. लिहिण्यात काही कमीजास्त झालं असेल तर कळवावं, मी तपासून बघेन.

आपला भाचा,
वेलांटी

ता. क. १. मंगळवारी, ९ तारखेला, सकाळी साडेआठला इकडे येता का? नव्या कणांसाठी नवं रक्त हवं आहे. रक्तपेढीतून या खेपेला जे आलं ते सगळं सडसडीत लोकांचं निघालं, भोवऱ्यात फिरवून वर नुसती एक पिवळी रेघ आली. कण फार दिवस टिकत नाहीत आणि गोठवताही येत नाहीत, म्हणून घाई आहे. बाईंनी विचारलं, कुणाच्या ओळखीत असा माणूस आहे का, की ज्याचं कोलेस्टेरॉल भरपूर आहे, त्याच्या गोळ्या अजून सुरू नाहीत आणि बाकी तब्येत ठणठणीत आहे? माझा हात आपोआप वर गेला. माझं रक्त त्यांनी आधीच तपासून “तुझं राहू दे” म्हटलं होतं. तुमच्या डॉक्टरांची पुढची तारीख बुधवार आहे, तेव्हा आदल्या दिवशी हे उरकेल. बुधवारी मात्र डॉक्टरांकडे जायचं आणि ते सांगतील ते ऐकायचं, ही बाईंची अट आहे, माझी नाही. (माझीही आहे.) फॉर्म तुम्ही स्वतः वाचून सही करायची. ‘नको’ म्हणालात तरी कुणी काही म्हणणार नाही.

तुम्हाला सुईची भीती वाटते हे मी इथं कुणालाही सांगितलेलं नाही. डॉक्टर घरी आले तेव्हा तुम्ही शिडीवर चढून ते जाईपर्यंत एकाच अक्षराला सहा हात दिलेत, हेही नाही. खुर्ची खिडकीजवळ आहे. खिडकीतून समोरच्या दुकानाची पाटी दिसते, तिच्यात तीन चुका आहेत. तुम्ही तिसरी शोधेपर्यंत सुई आत जाऊन बाहेरही आलेली असेल. मी स्वतः बसून बघितलं, मला तिसरीला वेळ लागला. पाटी मी दुरुस्त केलेली नाही, तुमच्यासाठी तशीच ठेवली आहे. आदल्या दिवशी रात्री साडेआठनंतर काही खायचं नाही, नुसतं पाणी चालेल. रिकाम्या पोटी यायचं. इथं ‘रिकाम्या’चा अर्थ साधाच आहे, पोटात काही नसणे. मी बाईंना विचारून घेतलं. आणखी एक. देणाऱ्याचं नाव लेबलावर लिहीत नाहीत. जन्मभर तुम्ही दुसऱ्यांची नावं रंगवलीत, इथं तुमचं कुठंच येणार नाही, नुसतं ‘क्षट’ वगैरे येईल. पण लिहिणारा मी असेन. आजीच्या वेळी आपल्याला काही करता आलं नाही, म्हणून विचारलं.

ता. क. २. तुमचा रिपोर्ट पांढऱ्या रंगाच्या डब्याखाली दडवलेला आहे आणि त्यात काय आकडा आहे, हे मला मामीने सांगितलेलं नाही. मामीने सांगितलं असं सांगू नकोस, असं मामीने सांगितलं आहे.

ता. क. ३. तुमच्या कार्डाबद्दल शेवटी लिहितो म्हटलं होतं. त्यावर ‘आम्ही खुशाल. आशिर्वाद.’ असं आहे. शि ऱ्हस्व आहे. तुम्हीच मला तो दीर्घ शिकवलात, ब्रशाच्या दांड्याने बोटांवर मारून. मी ब्रश काढला होता, पण दुरुस्त केलं नाही, आधी विचारतो. डोळ्यांमुळे झालं असेल तर तसं कळवा, इथं डोळ्यांचे डॉक्टरही आहेत, मंगळवारी दाखवू. मुद्दाम लिहिलं असेल तर राहू द्या. आठ महिन्यांनी आला आहे, ऱ्हस्व तर ऱ्हस्व, मी घेतला आहे.